तासभराची आग, दिवसभराची ऊब

फिनलंडमधल्या घरांत बैठकीच्या खोलीत बऱ्याचदा विटांची किंवा सोपस्टोनची भलीथोरली भट्टी दिसते. वजन एक टन, कधी तीन टनसुद्धा. बाहेर उणे वीस अंश तापमान असलं तरी तिच्यात लाकडं जळतात ती तास-दीड तास. पुढे आग विझलेली असते, पण भिंती दुसऱ्या दिवसापर्यंत ऊब देत राहतात.

ऊब टिकवायची तर आग मंद ठेवावी, असं कुणालाही वाटेल. या भट्टीत मात्र आग मोठी करायची, हवा मोकळी सोडायची आणि लाकडं भराभर जळू द्यायची. धूर कमी होतो तो त्यामुळेच.

लाकूड तापलं की आधी त्यातून वायू सुटतात. सुक्या लाकडाच्या वजनाचा साधारण चार-पंचमांश भाग असा निघून जातो आणि निम्म्याहून अधिक उष्णता याच वायूंत असते. ते पुरते जळायला सहाशे अंशांच्या वरचं तापमान आणि भरपूर हवा लागते. आग कोंडली की हे वायू तसेच धुराड्यात जातात आणि वाटेत गार होऊन डांबरासारखे चिकटतात. डोळ्यांत जाणारा तो काळा धूर म्हणजे पैसे मोजून आणलेलं, न जळलेलं सरपण असतं. पातळ पत्र्याच्या शेगडीत मोठी आग केली तर खोलीत बसवत नाही, म्हणून लोक हवा कमी करतात. टनभर दगड मात्र ती सगळी उष्णता आधी स्वतःत मुरवून घेतो.

ही युक्ती टंचाईतून पुढे आली. अठराव्या शतकात स्वीडनमध्ये सरपण कमी पडू लागलं, तेव्हा कार्ल योहान क्रोनस्टेड्ट आणि फाबियान व्रेडे यांच्याकडे कमी लाकडात भागणारी शेगडी तयार करायचं काम आलं. १७६७ मध्ये त्यांनी मांडलेल्या रचनेत धूर सरळ वर निसटत नाही. विटांच्या अरुंद वाटांतून तो वर-खाली फिरतो आणि बाहेर पडेपर्यंत बरीचशी उष्णता भिंतींना देऊन टाकतो.

रचना कितीही चांगली असो, लाकूड ओलं असेल तर सगळं फुकट. नुकत्याच तोडलेल्या लाकडात निम्मं वजन पाण्याचं असू शकतं. तसं लाकूड चुलीत सारलं की टोकाशी फेस येतो, सूंऽऽ आवाज होतो आणि आगीची ताकद पाण्याची वाफ करण्यातच जाते. म्हणून फिनलंडमध्ये हिवाळ्यात तोडलेलं लाकूड वसंतात फोडून उन्हाळाभर वाऱ्यावर वाळवतात. ओलावा २० टक्क्यांच्या खाली यायला हवा. पसंती बर्चला, म्हणजे आपल्या हिमालयातल्या भूर्जाच्या भाऊबंदाला. त्याची साल पेटवणासाठी उत्तम.

पेटवायचंही वरून. जाड ढलप्या खाली, बारीक काटक्या वर आणि सगळ्यांत वर साल. ज्योत हळूहळू खाली उतरते. खालच्या लाकडांतून सुटणारा वायू वर येताना तिच्यात सापडून जळतो. खालून पेटवलं तर सगळी लाकडं एकदम वायू सोडतात आणि तेवढी हवा मिळत नाही.

सर्वांत जास्त भान हवं ते शेवटी. धुराड्याची झडप उशिरा लावली तर कमावलेली ऊब वर निघून जाते. लवकर लावली तर निखाऱ्यांतला कार्बन मोनॉक्साइड घरात पसरतो, आणि त्याला वासही नसतो. म्हणून सळईने निखारे उकरून पाहायचे: त्यांच्यावर निळी ज्योत नाचत असेल तर हा वायू अजून निघतोय, थांबायचं. आताच्या झडपांना मुद्दाम एक फट ठेवलेली असते, ती कधीच बुजवायची नाही. घरात या वायूची सूचना देणारं यंत्रही हवंच.