उतरलेल्या कपड्याची किंमत

इंग्रजीत ज्याला चॅरिटी शॉप म्हणतात, त्याला मराठीत शब्द नाही. ‘धर्मादाय दुकान’ असा शब्द बनवता येईल, पण तो उच्चारला की धर्मादाय आयुक्तांचे कार्यालय डोळ्यांपुढे येते, दुकान येत नाही. लोकांनी घरातल्या वापरलेल्या वस्तू आणून द्यायच्या, दुकानाने त्या स्वस्तात विकायच्या आणि पैसा चांगल्या कामाला लावायचा, अशी ही पद्धत. ऑक्सफॅम या संस्थेने १९४७-४८च्या सुमारास ऑक्सफर्डच्या ब्रॉड स्ट्रीटवर असे दुकान थाटले आणि आज ब्रिटनच्या बहुतेक गावांत मुख्य रस्त्यावर एखादे तरी सापडते. तिकडे शिकायला गेलेली आपली मुले थंडीचा कोट तिथूनच घेतात; फोनवर आईला मात्र सांगत नाहीत. हे न सांगणे कुठून आले, हा माझ्या कुतूहलाचा विषय आहे.

मी विष्णुपुरीत राहतो. नांदेडच्या दक्षिणेला, गोदावरीवरच्या धरणाला नाव देणारे हे गाव. १९८१मध्ये इथे अभियांत्रिकी महाविद्यालय आले, १९९४मध्ये स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, पुढे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालयही इकडेच आले. त्यामुळे गावात कायमच्या माणसांइतकीच तात्पुरती माणसे दिसतात. कोणी दोन वर्षांसाठी, कोणी चार, आणि रुग्णांचे नातेवाईक तर आठ-पंधरा दिवसांसाठी. अशा माणसाला नवी वस्तू परवडत नाही आणि पुरतही नाही, म्हणजे ती पुरेपूर वापरून होण्याआधीच त्याला इथून जावे लागते. मे-जूनमध्ये परीक्षा संपल्या की लोखंडी कॉट, कूलर, टेबल, स्पर्धा परीक्षांची पुस्तके यांची हातोहात बदली होते. मावळता भाडेकरू उगवत्याला खोलीबरोबर कूलरही देतो. त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. ‘सेकंड हँड आहे, पण हवा फर्स्ट क्लास,’ असे सांगून तो विकला जातो.

कपड्याचे तसे नाही. कूलरला मागच्या मालकाचा घाम लागलेला नसतो. कपडा अंगावरून उतरलेला असतो आणि आपल्याकडे ‘उतरलेला’ या शब्दाला फार जुना इतिहास आहे.

नांदेड १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात होते आणि इथल्या दखनी बोलीत त्याला ‘उतरन’ म्हणतात. अमरावतीत जन्मलेल्या आणि हैदराबादेत वाढलेल्या उर्दू लेखिका वाजिदा तबस्सुम यांची याच नावाची गाजलेली कथा आहे. हवेलीतल्या नोकराणीची मुलगी लहानपणापासून मालकाच्या लेकीने टाकलेले कपडे घालत मोठी होते. शेवटी त्या लेकीच्या लग्नाच्या तोंडावर तिच्याच नवऱ्यामुलाबरोबर रात्र काढून ती तिला आयुष्यभराची ‘उतरन’ देते. मीरा नायर यांच्या ‘कामसूत्र’ या १९९६च्या चित्रपटाला याच कथेचा आधार होता. कथेचा सगळा दाह त्या एका शब्दात आहे. कपडा जुना असण्याचे दुःख त्या मुलीला नाही. तो कोणाचा हे सगळ्यांना माहीत असते, ते तिला सलते.

खेड्यातही असेच होते. पाटलिणीचे लुगडे सालगड्याच्या बायकोच्या अंगावर दिसले की नदीवरच्या सगळ्या बाया ओळखायच्या. या देण्यामागे धर्मशास्त्राचीही मान्यता होती. सेवक शूद्राला उरलेले अन्न आणि जीर्ण वस्त्रे द्यावीत, असे मनुस्मृतीचा दहावा अध्याय सांगतो. गावगाड्यात तर मढ्यावरचे कापड हा महारांचा ‘हक्क’ मानला जाई. हक्क या शब्दाची इतकी विटंबना दुसरीकडे क्वचितच झाली असेल. २५ डिसेंबर १९२७ला महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. त्याच परिषदेच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्त्रियांशी वेगळे बोलले. लुगडे वरच्या समाजातल्या बायका नेसतात तसे नेसा, अंगावरून जात ओळखू येईल असे दागिने टाका, कपडा फाटका असला तरी स्वच्छ ठेवा, असा त्या बोलण्याचा आशय होता. फाटक्याची लाज नको, पण दुसऱ्याने लादलेली खूण नको, हा त्यातला भेद मला फार मोलाचा वाटतो. जुने कपडे गोळा करून ‘गरिबांना’ वाटणाऱ्या आजच्या मंडळींना तो माहीत नसतो.

आता बाजाराकडे येऊ. आपल्या शहरांत जुन्या कपड्याचा खरा प्रवास बोहारणीच्या पाटीतून सुरू होतो. आमच्याकडे तिला नुसते ‘भांडेवाली’ म्हणतात. मुंबई-पुण्याकडे या धंद्यात गुजरातेतून आलेला देवीपूजक समाज मोठ्या संख्येने आहे. जुन्या नोंदींत त्याचे नाव वाघरी असे आढळते. व्यवहार पैशांशिवाय होतो. तुम्ही कपडे टाका, ती स्टीलचे भांडे देईल. दुपारी पुरुषमाणसे घरात नसताना ओट्यावर चाललेली ती घासाघीस ज्याने ऐकली नाही, त्याने अर्थशास्त्राचा एक धडा गमावला. घरची बाई पातेल्यावर बोट ठेवते, बोहारीण डबी पुढे करते. मग एक पँट वाढते, डबीची वाटी होते, आणखी एक साडी आली की झाकण मिळते.

तिची पारख पाहण्यासारखी असते. साडी ती उजेडासमोर धरते, म्हणजे विरलेली जागा लगेच दिसते. पँटचा बसायचा भाग दोन्ही हातांनी ताणते, शर्टाची कॉलर उलटी करते. मऊ सुती साडीपेक्षा टेरिकॉटच्या पँटला ती जास्त भाव देते, कारण ती टिकते आणि कष्टकऱ्याला टिकणारेच हवे असते. जुन्या जरीच्या शालूचा हिशेब वेगळा. जर अस्सल असेल तर त्यातली चांदी काढून घेणारे लोक आहेत, म्हणून तो फाटका असला तरी चालतो.

पुढे हे कपडे निवडले जातात, धुतले जातात, रफू होतात, बटणे लागतात, इस्त्री होते. बरे ते जुन्या बाजारात जातात. पुण्यात मंगळवार पेठेजवळ रविवारी आणि बुधवारी भरणारा, हैदराबादेत जुम्मेरात बाजार म्हणून ओळखला जाणारा, आणि आमच्याकडे आठवडी बाजाराच्या कडेला ताडपत्रीवर ढीग घालून बसणारा. अगदीच गेलेले कपडे फाडून गॅरेज आणि छापखान्यांत यंत्रे पुसायला विकले जातात. लुसी नॉरिस या अभ्यासिकेने दिल्लीतल्या या साखळीवर २०१०मध्ये ‘रीसायकलिंग इंडियन क्लोदिंग’ हे आख्खे पुस्तक लिहिले. मराठीत असे काम कोणी करावे, अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे.

कापड बाजारापर्यंत न जाता घरातच मुरवायची आपली रीत याहून जुनी. लुगडे मध्ये विरले की तेवढा भाग काढून दोन्ही धडके टोक जोडायचे, त्याला दंड घालणे म्हणत. त्यातूनही गेले की परकर, मग दुपटे, मग वाकळ, शेवटी पोतेरे. वाकळीत आजीचे लुगडे, बापाचे धोतर आणि लेकीचा फ्रॉक एकत्र नांदत. तिथे ‘उतरलेले’ असल्याची लाज नव्हती, कारण सगळी अंगे घरचीच.

आठवडी बाजारातल्या त्या ढिगापाशी मी पुष्कळ उभा राहिलो आहे. चांगला माल हवा असेल तर सकाळी ढीग सुटताना यावे, स्वस्त हवा असेल तर उठायच्या वेळी. रंगाला भुलू नये, कपडा उलटा करून शिवण आणि काख पाहावी. चेन वरखाली करून पाहावी, ती बदलायची मजुरी कधी कधी कपड्याच्या किमतीएवढी होते. थंडीत रुग्णालयात माणूस भरती असलेले लोक इथूनच स्वेटर घेतात. हे सगळे करताना गिऱ्हाईक विक्रेत्याला बेधडक नावे ठेवते, ‘हे काय पोतेरं आहे काय’ म्हणून कपडा ढिगावर फेकते आणि दहा रुपये कमी करून घेते. तोच कपडा दान म्हणून हातात ठेवला असता, तर त्याच माणसाला तो मुकाट्याने, वर आभार मानून घ्यावा लागला असता. शिवाय ढिगातला कपडा कोणाचा हे कोणालाच माहीत नसते. बोहारणीच्या पाटीत आणि धोब्याच्या पाण्यात त्याचे नाव पुसले गेलेले असते. ऑक्सफर्डच्या दुकानातही हेच घडते. म्हणून ते दुकान मला दानापेक्षा आपल्या जुन्या बाजाराच्या जवळचे वाटते.

उलट उदाहरण किल्लारीचे. ३० सप्टेंबर १९९३ला पहाटे भूकंप झाला आणि देशभरातून मदतीचे ट्रक आले. त्यांत जुने कपडेही होते. माणसे शेतकरी, हात पसरायची सवय नसलेली. सर्वस्व गेलेले असतानाही दुसऱ्याच्या अंगावरचे घालायला अनेकांचे मन धजले नाही. २००४च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर तर अशा कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले. अंशू गुप्ता यांनी १९९९मध्ये सुरू केलेल्या ‘गूंज’ या संस्थेने त्यातले पुष्कळ उचलून, निवडून मार्गी लावले. याच संस्थेची कामाची एक रीत अशी की, गावाने विहीर खणावी, रस्ता करावा, बांध घालावा आणि त्या मेहनतीचा मोबदला म्हणून कपडे घ्यावेत. किंमत पैशांत नसून श्रमात आहे, एवढाच फरक. गुप्तांना २०१५मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

इराणमधल्या मशहद शहरातून २०१५च्या सुमारास निघालेली ‘माणुसकीची भिंत’ महाराष्ट्रातही अनेक शहरांत उभी राहिली. नको असेल ते ठेवा, हवे असेल ते न्या. कल्पना देखणी आहे आणि देणाऱ्याचे नाव इथेही राहत नाही. पण भररस्त्यात, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नजरेसमोर हात पुढे करावा लागतो आणि घेतलेल्या वस्तूला नावे ठेवण्याची सोय नाही. भिंतीशी भांडता येत नाही.

विष्णुपुरीत असे काही करायचे ठरलेच, तर मे महिन्यात वसतिगृहाच्या फाटकाशी चार टेबले पुरतील. ऊसतोडीला जाणाऱ्यांची, कोरडवाहू शेतकऱ्यांची मुले इथे शिकतात; त्यांना कपडे, पुस्तके, बादल्या, गाद्या सगळेच लागते. प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी असावी, दहा, वीस, पन्नास. देणाऱ्याचे नाव नको, घेणाऱ्याचा फोटो नको. घासाघीस करू द्यावी, टेबलामागे बसणाऱ्याने थोडे ताणून मग सोडावे. न खपलेले कपडे आठवडी बाजारातल्या ढीगवाल्याला किलोवर द्यावेत, पुस्तके रद्दीवाल्याला. जमलेल्या पैशांतून रुग्णालयाशी थांबणाऱ्यांसाठी चादरी घेतल्या, तर त्या मात्र नव्या घ्याव्यात.