चार मात्रा, पाच वाटा

चार ही संख्या बेरजेच्या रूपात किती प्रकारे लिहिता येईल? अट एवढीच, की क्रम बदलला तर प्रकार वेगळा धरायचा. १ + ३ हा एक आणि ३ + १ हा दुसरा. नुसता ४ हाही एक प्रकार मानू. कागद-पेन्सिल घेऊन बसलात तर दोन मिनिटांत उत्तर मिळेल : ४, ३+१, १+३, २+२, २+१+१, १+२+१, १+१+२ आणि १+१+१+१. एकूण आठ.

पण आठच का? नववा कुठे लपून तर बसला नाही ना? त्यासाठी चार काड्या एका ओळीत मांडा. त्यांच्यामध्ये तीन फटी राहतात. प्रत्येक फटीपाशी आपल्यापुढे दोनच पर्याय असतात : इथे तोडायचे किंवा जोडून ठेवायचे. तीन फटी, प्रत्येकीला दोन पर्याय, म्हणजे २ × २ × २ = ८. नववा असूच शकत नाही. काडी एक वाढली की फट एक वाढते आणि प्रकार दुप्पट होतात. पाचाचे १६, सहाचे ३२ आणि सोळाचे तब्बल ३२,७६८.

शाळेत ज्यांनी वृत्ते घोकली, त्यांना हा आठाचा आकडा ओळखीचा वाटेल. य, म, त, र, ज, भ, न, स हे आठ गण. तीन अक्षरे, प्रत्येक अक्षर लघू किंवा गुरू, म्हणून आठ. इसवी सनापूर्वीचा मानल्या जाणाऱ्या पिंगलाच्या छंदःशास्त्रात असे प्रकार क्रमाने मांडण्याची आणि मोजण्याची रीत आहे.

हे झाले अक्षरांचे. मात्रांचा हिशेब मात्र निराळा. लघू अक्षराची एक मात्रा, गुरूच्या दोन. तिसरे नाणे कवीच्या खिशात नाही. मग चार मात्रा किती प्रकारे भरता येतील? रोजचे शब्द घेऊ. करवत (१+१+१+१), पहाट (१+२+१), घागर (२+१+१), कविता (१+१+२) आणि वाडा (२+२). पाच झाले. सहावा शोधून पाहा, मिळणार नाही.

कारण सोपे आहे. शेवटचे अक्षर लघू असेल तर त्याच्या आधी तीन मात्रा उरतात. तीन मात्रांचे प्रकार तीन : कमळ, नदी, वाट. त्यांच्यापुढे एकेक लघू ठेवला की करवत, पहाट आणि घागर यांचे साचे तयार. शेवटचे अक्षर गुरू असेल तर आधी दोन मात्रा उरतात. त्यांचे प्रकार दोन, त्यातून कविता आणि वाडा. ३ + २ = ५. पुढेही हाच नियम चालतो, आधीच्या दोन आकड्यांची बेरीज करायची. १, २, ३, ५, ८, १३, २१, ३४... सोळा मात्रांपर्यंत आलो की १५९७.

ही आकड्यांची माळ जगभर फिबोनाची याच्या नावाने ओळखली जाते. इटलीतल्या पिसा शहराच्या या गणितज्ञाने १२०२ मध्ये सशांच्या जोड्यांचे कोडे सोडवताना ती मांडली. पण तिच्यामागचा नियम त्याआधी काही शतके विरहांक या छंदःशास्त्रज्ञाने 'वृत्तजातिसमुच्चय' या प्राकृत ग्रंथात सांगितला होता आणि ११५० च्या सुमारास गुजरातेत आचार्य हेमचंद्रांनीही. हा प्राकृत ग्रंथ संपादून अभ्यासकांच्या हाती दिला तो मुंबईच्या विल्सन महाविद्यालयातले प्राध्यापक ह. दा. वेलणकर यांनी. फिबोनाचीचे श्रेय त्यामुळे कमी होत नाही. सशांकडून जा की मात्रांकडून, वाट एकाच ठिकाणी पोचते.

आपल्या मातीतही ही मोजणी झाली. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्यात तालाचे घटक चार : द्रुत, लघू, गुरू आणि प्लुत. द्रुत एक मानला तर बाकीचे दोन, चार आणि सहा. नाणी बदलली, की माळ बदलते : १, २, ३, ६, १०, १९. पद्धत मात्र तीच, शेवटचा घटक कोणता ते विचारायचे आणि मागे जायचे.

आता कुणी म्हणेल, कवितेला या आकडेमोडीचा काय उपयोग? माझ्याकडे नवे कवी वही घेऊन येतात. मात्रा मोजून दाखवतात, सोळा म्हणजे सोळा. तरी ओळ म्हणताना जीभ अडखळते आणि का ते कळत नाही. समजा ओळ अशी आहे : 'घरात दिवा पेटवी आई'. मात्रा सोळाच. पण आठ-आठ मात्रांच्या दोन आवर्तनांत ती म्हणून पाहा. 'घरात दिवा' इथे सात मात्रा झाल्या आणि आठवी-नववी मिळून 'पे' हा गुरू आला. ठेका नेमका त्याच्या पोटातून जातो. आता तेच चार शब्द फिरवा : 'पेटवी दिवा, आई घरात'. आठ आणि आठ. ओळ चालू लागली.

हेही मोजता येते. दोन्ही आवर्तने स्वतंत्र भरली तर ३४ × ३४ = ११५६ साचे. मधला गुरू आडवा आला तर दोन्ही बाजूंना सात-सात मात्रा, म्हणजे २१ × २१ = ४४१. बेरीज करा, १५९७. एकही साचा निसटलेला नाही. म्हणजे बेरीज जमूनही ठेका चुकण्याच्या ४४१ वाटा आहेत.

आमच्या घरी बोली दखनी, कानावर उर्दू गझल. तिथेही बहर म्हणजे लहान-मोठ्या उच्चारांचा ठरलेला क्रमच. फारसीचे प्राध्यापक असलेल्या माधव जूलियनांनी गझल मराठीत रुजवली आणि 'छंदोरचना' हा ग्रंथही त्यांनीच लिहिला, यात मला नवल वाटत नाही. मोजमाप दोन्हीकडे लागते.

वृत्त म्हणजे बेडी, असे अनेकदा ऐकू येते. पण आठ-आठ मात्रांच्या एका ओळीला ११५६ वाटा मोकळ्या आहेत. दोन ओळींच्या द्विपदीला त्याचा वर्ग, म्हणजे तेरा लाखांहून अधिक. एवढ्या अंगणात कवीला जागा अपुरी पडत असेल, तर दोष अंगणाला देता येणार नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)