फ्लोरियान्स्का मार्गावरील ४१ क्रमांकाचे घर

क्राकूव शहराच्या उत्तर तटातील फ्लोरियान वेशीतून आत शिरले, म्हणजे जो अरुंद, सरळ आणि सदैव गजबजलेला रस्ता थेट बाजारचौकातील संत मेरीच्या चर्चपाशी जाऊन पोहोचतो, त्याच रस्त्याने एके काळी पोलंडच्या राजांच्या मिरवणुका वावेल गडाकडे जात असत. या राजमार्गावर, वेशीपासून हाकेच्या अंतरावर, दोन्ही बाजूंच्या इमारतींत दाटीने उभे असलेले ४१ क्रमांकाचे एक चिंचोळे, उंच घर आहे. त्याच्या मूळ भिंती सोळाव्या शतकातल्या. दर्शनी भाग मात्र १८७२ साली घरधन्याच्याच कल्पनेवरून तोमाश प्रिलिन्स्की या वास्तुशिल्पज्ञाने नव्याने बांधला. पोलिश इतिहासाचा श्रेष्ठ चित्रकार यान मातेयको २४ जून १८३८ रोजी याच घरात जन्मला आणि १ नोव्हेंबर १८९३ रोजी, ख्रिस्ती लोकांच्या सर्वसंतदिनी, त्याने देह ठेवला तोही याच घरात.

पोलिश लोक आपल्याकडे अगदीच अपरिचित नाहीत. दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळ वळिवडे येथे त्यांच्या निर्वासितांची मोठी वसाहत होती, हे दक्षिण महाराष्ट्रातील वडीलधाऱ्यांना आठवत असेल. परंतु या राष्ट्राच्या नशिबी आलेला विजनवास त्याहून कितीतरी जुना आहे. १७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन खेपांत रशिया, प्रशिया व ऑस्ट्रिया या तिघा शेजाऱ्यांनी पोलंडचा मुलूख आपसांत वाटून घेतला आणि पुढे सव्वाशे वर्षे त्या नावाचे स्वतंत्र राज्य युरोपच्या नकाशावर उरले नाही. क्राकूव तेवढे १८१५ पासून नावापुरते स्वतंत्र नगर होते. १८४६ मध्ये तेही ऑस्ट्रियाच्या अंमलाखाली गेले, आणि १८४८ साली ऑस्ट्रियन तोफांनी या शहरावर मारा केला तेव्हा मातेयको दहा वर्षांचाही झालेला नव्हता. त्याचा बाप चेक, संगीतशिक्षक म्हणून या प्रांतात आलेला. आई अर्धी जर्मन, अर्धी पोलिश, आणि तीही मुलगा सात वर्षांचा असतानाच वारलेली. ज्याच्या अंगात पोलिश रक्ताचा अंश इतका थोडा, त्या माणसाने पोलंडचा गतकाळ एवढ्या निष्ठेने उराशी धरावा, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

कृश देहाचा आणि अधू दृष्टीचा हा मुलगा शाळेच्या अभ्यासात मागे होता. पण हाती पेन्सिल आली की त्याला दुसरे काही सुचत नसे. क्राकूवच्या कलाशाळेत आणि पुढे थोडा काळ म्युनिकला शिकत असताना तो जुन्या थडग्यांवरील मूर्ती, मोहरा, चिलखते, वेदीपटांवरील वस्त्रे यांची टिपणे अखंड उतरवून घेत असे. आणि त्या टिपणांतूनच १८६० साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, तेराव्या शतकापासून राज्यनाशापर्यंतच्या पोलिश पोशाखांचा एक चित्रसंग्रह त्याने प्रसिद्ध केला. ज्या देशाचे तख्त गेले, दरबार मोडला, दफ्तरे परक्यांच्या हाती पडली, त्या देशाच्या पागोट्यांची आणि पट्ट्यांची बारनिशी हा तरुण एकट्याने ठेवू लागला होता.

दोन वर्षांनी त्याने 'स्तांचिक' हे चित्र काढले. मातेयकोची पुढची अजस्र चित्रे पाहून मन दडपते, पण माझा जीव जडला आहे तो या लहानशा चित्रावर. स्तांचिक हा सोळाव्या शतकातील राजदरबाराचा विदूषक. राणी बोना हिच्या महालात नृत्य रंगात आले आहे, त्या दालनाचा उजेड पाठीमागच्या दारातून दिसतो; आणि अलीकडच्या अंधाऱ्या खोलीत लाल पोशाखातला विदूषक खुर्चीत एकटाच बसला आहे, पाय पसरलेले, बोटे एकमेकांत गुंतवलेली, नजर कोठेच नाही. शेजारच्या मेजावर एक उघडा खलिता पडला आहे: स्मोलेन्स्कचा किल्ला रशियनांच्या हाती गेल्याची ती वार्ता. विदूषकाची घुंगुरकाठी खाली पडली आहे आणि खिडकीबाहेरच्या रात्रीत धूमकेतू दिसतो आहे. राज्याच्या भवितव्याची चिंता वाहणारा सगळ्या दरबारात हा एकच माणूस, आणि त्याला चित्रकाराने चेहरा दिला तो स्वतःचा! पुढच्याच वर्षी, १८६३ च्या जानेवारीत, रशियाविरुद्ध उठाव झाला. मातेयकोच्या प्रकृतीला शस्त्र पेलणारे नव्हते. त्याने पैसे दिले, बंडवाल्यांच्या छावणीपर्यंत हत्यारे पोहोचवली आणि उठाव चिरडला गेल्यावर तो पुन्हा चित्रफलकासमोर येऊन बसला.

तेथून पुढे त्याची चित्रे शोकगीत राहिली नाहीत, ती फिर्याद झाली. १८६४ च्या 'स्कार्गाचे प्रवचन' या चित्राला पॅरिसमध्ये सुवर्णपदक मिळाले. परंतु खरा गहजब झाला तो १८६६ च्या 'रेयतान'वर. पहिल्या फाळणीला मान्यता देण्यासाठी १७७३ मध्ये वॉर्साला जी सभा भरली, तीत तादेउश रेयतान नावाचा प्रतिनिधी दाराशी आडवा पडला आणि माझ्या देहावरून जा, असे त्याने सहकाऱ्यांना बजावले, ही घटना. चित्रात रेयतान उघड्या छातीने उंबरठ्यावर पडला आहे. समोर परक्यांना विकले गेलेले सरदार उंची वस्त्रांत उभे आहेत. भिंतीवर रशियाच्या कॅथरीन राणीची तसबीर आहे आणि जमिनीवर एक नाणे घरंगळत चालले आहे. चित्रातल्या सरदारांचे वंशज अजून हयात होते, मानकरी होते, ते खवळले. शिवाय फ्रान्चिशेक पोतोत्स्की हा सरदार त्या सभेपूर्वीच मरण पावला असताना त्याला चित्रात उभे केले आहे, असा आक्षेप जाणत्यांनी घेतला, आणि तो तारखेच्या हिशेबाने खराच होता. पण मातेयको बखरकाराच्या आसनावर बसलेलाच नव्हता, तो न्यायासनावर बसला होता. राज्य कोणी बुडवले या खटल्यात ज्यांची ज्यांची साक्ष हवी, त्यांना मृत्यूच्या पलीकडूनही हजर करणे हा त्याने आपला अधिकार मानला, आणि माझ्या मते तो त्याला शोभला. टीकाकारांना त्याने शब्दांनी उत्तर दिले नाही. १८६७ मध्ये त्याने एक लहान चित्र काढले: क्राकूवच्या चौकात तो स्वतः शिक्षेच्या खांबाला जखडलेला आहे आणि त्याच्याविरुद्धचा निवाडा वाचून दाखवला जात आहे. 'रेयतान' मात्र विकत घेतले ते खुद्द ऑस्ट्रियाच्या बादशहाने. पोलंड स्वतंत्र झाल्यावर १९२० मध्ये ते मायदेशी परतले.

हे सगळे मनात ठेवून फ्लोरियान्स्का मार्गावरील घराचा जिना चढावा. पहिल्या मजल्यावर कुटुंबाच्या वापरातले दिवाणखाने आहेत, त्यांत व्हेनिसहून आणलेले नक्षीदार काळे सामान मांडले आहे. वरच्या मजल्यांवर चित्रकाराचा खरा संसार दिसतो: तलवारी, शिरस्त्राणे, खोगिरे, कमरपट्टे, धर्मगुरूंचे झगे, जरीच्या कापडाचे तुकडे, तुर्की व ताताऱ्यांची हत्यारे, क्राकूवच्या जुन्या नगरभवनातील छळाची लोखंडी अवजारे, आणि यांच्या शेजारी एका साध्या माणसाचे चष्मे व रंगांची पेटी. मातेयकोने ही भांडारे हौसेने भरली नाहीत. प्रतिमेसाठी बसलेल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या आणि पोटच्या मुलांच्या अंगावर ही वस्त्रे चढत. घरची माणसे राजेराण्या होत. पत्नी तेओदोरा ही त्याच्या कित्येक राण्यांचा चेहरा होती, आणि त्या मानाची तिला ईर्षाही मोठी होती. १८७६ मध्ये त्याने तिच्या भाचीला बसवून 'काश्तेलांका' हे चित्र काढले, तेव्हा संतापाच्या भरात तिने आपले वधूवेषातील जुने चित्र नष्ट केले, असे घरच्या आठवणींत सांगितलेले आहे. तीन वर्षांनी नवऱ्याने ते पुन्हा रंगवले. आज जे वधूचित्र दिसते ते हे दुसरे.

शहराने या प्रजाजनाचा राजासारखा गौरव केला. १४१० साली ट्यूटॉनिक सरदारसंघाचा पोलिश व लिथुएनियन सैन्यांनी केलेला पाडाव दाखवणारे 'ग्रुनवाल्डची लढाई' हे चित्र १८७८ मध्ये पूर्ण झाले. त्याची उंची सव्वाचार मीटर आणि रुंदी जवळजवळ दहा मीटर. त्याच वर्षी क्राकूवच्या नगरसभेने मातेयकोला समारंभपूर्वक राजदंड अर्पण केला. ज्या नगरात राजा उरला नव्हता, तेथे राजचिन्ह चित्रकाराच्या हाती दिले गेले! प्रागच्या कलापीठाचे प्रमुखपद त्याने त्यापूर्वीच नाकारले होते आणि १८७३ पासून मरेपर्यंत आपल्या गावच्या कलाशाळेची धुरा वाहिली. मेहोफर आणि विस्प्यान्स्की हे पुढे नावाजलेले शिष्य, संत मेरीच्या चर्चमधील भिंती गुरूच्या योजनेनुसार रंगवल्या जात असताना, त्याच्या हाताखाली राबत होते. दगडाविटांविषयीही त्याची माया अशीच निकराची होती: नव्या नाट्यगृहासाठी पवित्र आत्म्याच्या मठाच्या मध्ययुगीन इमारती पाडल्या गेल्या, तेव्हा त्याने शहराने दिलेले सन्माननीय नागरिकत्व परत केले.

त्याच्या मृत्यूनंतर हितचिंतकांनी मंडळ स्थापून हे घर विकत घेतले. १८९८ मध्ये ते लोकांना पाहण्यास खुले झाले आणि १९०४ पासून ते राष्ट्रीय संग्रहालयाच्या ताब्यात आहे. चित्रांना मात्र पुन्हा एकदा अज्ञातवास भोगावा लागला. १९३९ मध्ये जर्मन फौजा आल्या तेव्हा 'ग्रुनवाल्ड' वॉर्साहून लुब्लिनला हलवले गेले आणि तेथे जमिनीत पुरून ठेवले गेले. ते शोधून देणाऱ्यास जर्मनांनी भले मोठे इनाम लावले. ठिकाण ज्यांना ठाऊक होते त्यांनी तोंड उघडले नाही, आणि १९४४ साली चित्र जमिनीतून बाहेर निघाले.

क्राकूवला जाण्याचा योग ज्या वाचकाला येईल, त्याने चित्रदालनात शिरण्याआधी या घरी जावे. तेथील झगे आणि तलवारी डोळे भरून पाहाव्यात, मग पाच मिनिटे चालत बाजारचौकातील सुकेन्नित्से या जुन्या कापडबाजाराच्या वरच्या मजल्यावर जाऊन 'प्रशियाची राजनिष्ठा' हे चित्र पाहावे. १५२५ मध्ये प्रशियाचा ड्यूक आल्ब्रेख्ट पोलंडच्या राजापुढे गुडघे टेकतो आहे, आणि राजाच्या पायाशी बसलेल्या स्तांचिकला येथेही मातेयकोचाच चेहरा आहे. ते पाहून खाली उतरावे आणि चौकात उभे राहावे. आल्ब्रेख्टने गुडघे टेकले ते याच चौकात.