खारेपाटाचा ऑक्टोबर

४ मे २०२५ रोजी केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी जनुक-संपादनातून घडवलेल्या भाताच्या दोन वाणांची घोषणा केली. एक ‘कमला’, म्हणजे सांबा मसुरीचा सुधारलेला अवतार; दुसरा ‘पुसा डीएसटी राइस-१’, एमटीयू-१०१० या लोकप्रिय वाणापासून घडवलेला. दुष्काळ आणि क्षार दोन्ही सोसण्याचा दावा या दुसऱ्या वाणाबद्दल आहे. बदलत्या हवामानात जगाला पोसणारे बियाणे आले, असाच बातम्यांचा सूर होता. विज्ञान म्हणून हे काम खरोखर देखणे आहे. डीएसटी हे जनुक भाताच्या सहनशक्तीला लगाम घालते, हे चिनी संशोधकांनी २००९मध्ये दाखवले होते. हा लगाम सैल केला की पानांवरची रंध्रे संख्येने कमी होतात आणि लवकर मिटतात. पाणी कमी उडते, त्यामुळे मुळांतून खारे पाणीही कमी ओढले जाते. परके जनुक आत घालायचे नाही, असलेलेच थोडे दुरुस्त करायचे, एवढ्यावर हे साधते! पण अन्नसुरक्षेचा भरवसा ठेवण्याआधी या वाणाला एक प्रश्न विचारायला हवा, आणि तो विचारण्याची जागा पनवेलला आहे.

पनवेलला डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे खारभूमी संशोधन केंद्र आहे. मुंबईच्या इतक्या जवळ असूनही त्याचे नाव शहरी वाचकाच्या कानावर क्वचितच पडते. पनवेल, उरण, पेण, अलिबाग या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी खाडीला बांध घालून भातशेती उभी केली. भरतीचे पाणी आत येऊ द्यायचे नाही आणि पावसाचे पाणी ओहोटीला उघाडीतून, म्हणजे बांधातल्या झडपेतून, बाहेर सोडायचे, एवढ्या शिस्तीवर हा सगळा खारेपाट तगून आहे. मोठ्या उधाणात बांधाला खांड गेली की पाणी आत घुसते आणि त्यामागे मिठाने पोळलेली जमीन उरते.

या जमिनीतले मीठ वर्षभर एकसारखे नसते, आणि सगळी मेख इथेच आहे. मे महिन्यात मातीला भेगा पडतात, वर पांढरी खपली धरते. अशा मातीत भाताचे रोप जगणे अशक्यच. मग पाऊस लागतो. कोकणचा पाऊस तो, जुलैपर्यंत मीठ धुऊन खाली ढकलतो, आणि मोड आलेले बी चिखलात फेकून केलेली ‘रहू’ची पेरणी जीव धरते. सप्टेंबर सरता सरता पाऊस ओढ देतो, ऊन तापू लागते, आणि खालचे खारे पाणी मातीच्या सूक्ष्म नळ्यांतून पुन्हा वर चढते. नेमके तेव्हा भात फुलोऱ्यात असते, दाणा भरत असतो. भाताचे दोन काळ सर्वांत नाजूक, कोवळ्या रोपाचा आणि लोंबी बाहेर पडण्याचा. खारेपाटात मीठ या दोन्ही वेळी हजर असते आणि मधल्या काळात गायब होते. प्रयोगशाळेत खारवलेल्या पाण्याच्या ट्रेमध्ये रोपे ठेवून दोन-तीन आठवड्यांनी जी परीक्षा घेतात, ती या दोहोंपैकी पहिल्याच काळाची असते.

याचा पुरावा जुनाच आहे. क्षार सोसणाऱ्या जनुकांत ‘साल्टॉल’ हा गुणसूत्राचा तुकडा सर्वांत गाजलेला. केरळच्या पोक्कली भातातून तो हाती लागला आणि जगभरच्या पैदासकारांनी वापरला. बंगालच्या नोना बोकडा भातावर काम करणाऱ्यांनी २००५मध्ये त्यामागचे जनुकही पकडले. पानांकडे निघालेले सोडियम मुळाजवळच जलवाहिनीतून काढून घेणारे प्रथिन ते बनवते. पण साल्टॉलचा उपयोग मुख्यतः रोपावस्थेत होतो. फुलोऱ्यातली सहनशक्ती वेगळ्या जनुकांकडून येते आणि तिचा माग काढणे फार अवघड जाते, कारण त्यासाठी रोप शेवटपर्यंत खाऱ्या मातीत वाढवावे लागते. म्हणून खारे शेत हे संशोधनाचे उपकरणच मानले पाहिजे, आणि कुंडी त्याची जागा घेऊ शकत नाही.

या उपकरणातून काय निघते, ते पनवेलने दाखवले आहे. खारेपाटातले शेतकरी ‘राता’ जातीची भाते पेरत आले. उंच वाढणारी, वाऱ्याने लोळणारी, उत्पन्न बेताचे. पण खाऱ्या जमिनीत तग धरणारी. त्यांतून निवडीने ‘काळा राता १-२४’ आणि ‘भुरा राता ४-१०’ ही वाणे काढली गेली. पुढे भुरा राताचा संकर आयआर-८शी केला. फिलिपिन्समध्ये १९६६ साली प्रसारित झालेल्या या बुटक्या भाताने आशियातल्या हरितक्रांतीला चालना दिली होती. त्या संकरातून पनवेल-१ आणि पनवेल-२ आले. आयआर-८चे एक मूळ इंडोनेशियाच्या भातात आणि दुसरे तैवानच्या, म्हणजे पनवेलच्या या वाणांत तैवानचा बुटकेपणा आणि रायगडच्या खाजणाची सहनशक्ती एकत्र नांदते. बाहेरच्या बियाण्याचा तोरा आणि घरच्या बियाण्याचा अभिमान, दोन्ही बाजूला ठेवून केलेले हे काम मला फार मोलाचे वाटते. राता निवडून निवडून टिकवणाऱ्या शेतकऱ्यांची नावे मात्र कोणत्याच वंशावळीत नाहीत.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: खारेपाट केवढासा, त्याने जगाची भूक थोडीच भागणार? भागणार नाही, हे खरेच. पण व्हिएतनामचा मेकाँग खोऱ्याचा त्रिभुज प्रदेश आणि बांगलादेशचा किनारा यांच्यापुढेही हेच संकट उभे आहे. १९०१ ते २०१८ या काळात समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटीमीटरने वाढली, आणि २००६ ते २०१८ दरम्यान ती वर्षाला ३.७ मिलिमीटरच्या वेगाने चढत होती. मेकाँगमध्ये २०१६ साली खारे पाणी फार आतवर घुसले आणि मोठे पीक गेले. आपल्याकडे ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ धडकले, तेही ऐन पेरणीच्या तोंडावर. पनवेलला मिळालेले उत्तर अशा सगळ्या किनाऱ्यांच्या कामी येऊ शकते. याला दाखला ओडिशाचा आहे. तिथल्या एका स्थानिक भातातून निवडलेल्या ‘एफआर-१३ए’ची पुरात बुडून राहण्याची ताकद जाणकारांना दशकानुदशके माहीत होती. त्यामागचे जनुक २००६मध्ये उलगडले, आणि २००९मध्ये ‘स्वर्णा-सब१’ भारतात प्रसारित झाले. शेतकऱ्याने राखलेले बी, ते जपणारे केंद्र आणि जनुकशास्त्र, यांतला एक दुवा जरी तुटला असता तरी हे वाण झाले नसते.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. पनवेलमध्ये आता भात लावतो कोण? १९७०मध्ये नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको आली, गावांच्या जमिनी संपादित झाल्या, खाजणांवर भराव पडले, विमानतळ उभा राहिला. मजूर मिळत नाहीत, जमिनीला सोन्याचा भाव आहे, आणि बांध फुटून पडीक राहिलेल्या शेतांत कांदळवन माजले की तिथे पुन्हा नांगर घालणे कायद्यानेच अवघड होते. कांदळवन किनारा राखते, म्हणून ते तोडावे असे मी म्हणणार नाही. शेतकऱ्याने तोट्यात भात पिकवत राहावे, असेही नाही. पण पनवेलच्या केंद्राचे मोल तालुक्यात किती भात पिकते यावर ठरत नाही. खाडीशी जोडलेली, ऋतूबरोबर खारवणारी आणि गोडावणारी, वर्षानुवर्षे नोंदी असलेली माती तिथे आहे, यावर ते ठरते. अशी माती भराव टाकून एका उन्हाळ्यात नाहीशी करता येते, तयार मात्र करता येत नाही.

म्हणून पुसा डीएसटीची परीक्षा इथे व्हावी: फुलोऱ्यात मीठ वर आले तरी ते दाणा भरते का? खाऱ्या शेतात एका ओळीत मूळ एमटीयू-१०१०, शेजारी नवे वाण, मग याच केंद्राचे पनवेल-३ आणि साधा राता, अशी लावणी करावी. जूनपासून ऑक्टोबरअखेर दर पंधरवड्याला मातीतला क्षार मोजावा. साधारण ३ डेसिसायमन प्रति मीटरच्या पुढे भाताचे उत्पन्न घसरू लागते, तेव्हा तो आकडा कोणत्या तारखेला ओलांडला आणि त्या वेळी कोणते वाण फुलोऱ्यात होते, हे लिहून ठेवावे. लोंबीतले पोचट दाणे किती आणि भरलेले किती, हेही मोजावे. पाऊस दरवर्षी वेगळा असतो, म्हणून किमान तीन हंगाम हे करावे आणि प्रत्येक हंगामाचे आकडे, चांगले आले तरी आणि वाईट आले तरी, मराठीत छापावेत.