हक्काची मदत

मनमाडहून रेल्वेने परभणीला येताना परभणीच्या अलीकडे पेडगाव नावाचे एक लहान स्टेशन लागते. आजूबाजूला काळी जमीन आहे. कापूस, ज्वारी, सोयाबीन ही इकडची पिके. ज्यांना स्वतःची शेती नाही ते दुसऱ्याच्या शेतात रोजाने जातात. ज्या दिवशी काम, त्या दिवशी मजुरी.

अशा गावातले एक घर डोळ्यांसमोर आणा. वडील एड्सने वारले. आईच्या रक्तातही तोच विषाणू आहे. मोठी मुलगी तुमच्याच वयाची, धाकटा भाऊ चौथीत. हे घर मी कल्पनेने उभे केले आहे. पण अशी घरे मराठवाड्यात आहेत, आणि त्यांतल्या कित्येकांना आपल्याला कोणती मदत मिळू शकते हेच ठाऊक नसते.

आधी आजाराविषयी थोडे. एच.आय.व्ही. हा विषाणू शरीराची रोगाशी लढण्याची ताकद हळूहळू कमी करतो. ती फार कमी झाली म्हणजे त्या अवस्थेला एड्स म्हणतात. असुरक्षित शरीरसंबंध, दूषित रक्त, दूषित सुई आणि बाधित आईकडून बाळाला, या मार्गांनी तो पसरतो. एका ताटात जेवल्याने, हात मिळवल्याने, एका बाकावर बसल्याने किंवा डास चावल्याने तो पसरत नाही.

पूर्वी यावरची औषधे गरिबाला परवडत नसत. १ एप्रिल २००४ पासून सरकारने ती मोफत देण्यास सुरुवात केली. सुरुवातीच्या राज्यांत महाराष्ट्र होता. २०१७ पासून तर तपासणीत विषाणू आढळला की औषध सुरू करतात. ते रोज, न चुकता घ्यावे लागते. तसे घेतले तर माणूस अनेक वर्षे काम करू शकतो. मग अडचण कुठे आहे? औषध मोफत असले तरी ते घ्यायला परभणीला जावे लागते, आणि त्या दिवसाची मजुरी बुडते. एस.टी.च्या साध्या बसमध्ये अशा रुग्णांना मोफत प्रवासाची सवलत आहे. बुडालेली मजुरी मात्र कोणी भरून देत नाही.

म्हणून घर चालवण्यासाठी वेगळी मदत लागते. महाराष्ट्रात १९८० पासून संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. विधवा, अपंग, अनाथ मुले, तसेच क्षय, कर्करोग, कुष्ठरोग, एड्स अशा आजारांमुळे ज्यांना पोट भरता येत नाही, त्यांच्यासाठी ती आहे. २०२३ साली तिची रक्कम महिन्याला १,५०० रुपये झाली. अर्ज तहसील कार्यालयात करतात. सोबत उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला आणि कारणाप्रमाणे पतीच्या मृत्यूचा किंवा सरकारी डॉक्टरांचा दाखला लागतो. कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला २१,००० रुपयांच्या आत असावे, अशी अट आहे. जरा हिशोब करून पाहा. दिवसाला अठ्ठावन्न रुपयेसुद्धा होत नाहीत! एवढ्यात घर कसे चालते, हे अट घालणाऱ्यांनाच विचारायला हवे.

तुमच्या लक्षात आले का? अर्ज, मंजूर, रक्कम, हक्क, तहसील हे कचेरीतले मराठी शब्द तुमच्या घरचेच आहेत. फक्त ‘दाखला’ या शब्दाशी जपून. उर्दूत ‘दाखिला’ म्हणजे शाळेत प्रवेश. मराठीत ‘दाखला’ म्हणजे प्रमाणपत्र. तलाठ्याकडे दाखला मागायला जाणारा माणूस नाव घालायला जात नसतो!

मुलांसाठी बाल संगोपन योजना आहे. आई किंवा वडील नसलेल्या, अथवा पालक गंभीर आजारी असलेल्या मुलाला घरीच वाढवता यावे म्हणून ही मदत देतात. २०२३ साली ती दर मुलामागे महिन्याला २,२५० रुपये झाली. जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्याच्या कार्यालयात तिची चौकशी करावी. रेशनचेही एक सांगायला हवे. अंत्योदय कार्डावर कुटुंबाला महिन्याला ३५ किलो धान्य मिळते. दारिद्र्यरेषेखालील एच.आय.व्ही.बाधित कुटुंबांना या यादीत आधी घ्यावे, असे केंद्र सरकारने २००९ मध्येच राज्यांना कळवले होते.

इतके असूनही आपल्या कल्पनेतली आई तहसीलला जात नाही. का? तिला भीती वाटते. आजाराचे नाव कागदावर आले की ते गावभर होईल. मग मजुरीला कोण बोलावील? मुलांशी कोण खेळेल? ही भीती खोटी नाही. २००९ साली लातूर जिल्ह्यातील हासेगावला रवी बापटले यांच्या सेवालयातली एच.आय.व्ही.बाधित मुले गावच्या शाळेत जाऊ लागली, तेव्हा इतर पालकांनी आपली मुले शाळेत पाठवणे बंद केले होते. त्या लहान मुलांनी कोणाचे काय बिघडवले होते?

पुढे २०१७ साली संसदेने याविषयी कायदा केला. १० सप्टेंबर २०१८ पासून तो लागू आहे. या आजारामुळे कोणाला शाळेतून, नोकरीतून किंवा दवाखान्यातून दूर ठेवता येत नाही. रुग्णाच्या संमतीशिवाय त्याची तपासणी करता येत नाही, आणि त्याचा आजार दुसऱ्यांना सांगताही येत नाही. काही शंका असेल तर १०९७ या क्रमांकावर फोन करता येतो. त्याला पैसे पडत नाहीत.

आता त्या मुलीकडे परत जाऊ. घरात लिहिता-वाचता येणारी तीच मोठी. अर्ज मराठीत आहे. तो तिने दोनदा वाचला, आणि तिच्या ध्यानात आले की ही योजना विधवांसाठीही आहे. मग आजाराचे नाव लिहायचेच कशाला? तिने कारणाच्या जागी ‘विधवा’ असे लिहिले, वडिलांच्या मृत्यूचा दाखला जोडला आणि सहीसाठी कागद आईपुढे ठेवला.