लॅन केबल घरच्या घरी

कॅट-६ वायर, आरजे-४५ कनेक्टर, क्रिंपिंग टूल आणि टेस्टर एवढं हाताशी असलं, की हव्या त्या लांबीची लॅन केबल घरीच बनते. वरचं आवरण इंचभर सोला. कनेक्टरची क्लिप खाली धरून आठ तारा डावीकडून अशा लावा: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. टोकं एका रेषेत कापा, तारा पार आतपर्यंत सरकवा आणि क्रिंप करा. जोड्यांचा पीळ सिग्नलची सरमिसळ रोखतो. तो अर्ध्या इंचाहून जास्त उलगडू नका. दुसऱ्या टोकालाही हाच क्रम. लांबी १०० मीटरच्या आत ठेवा आणि टेस्टरचे आठही दिवे क्रमाने लागल्यावरच केबल भिंतीवर ठोका.