हूक, पिन आणि पाचवं चाक

भीमाकाठी गळीत हंगाम सुरू झाला की करजगीच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्यांचं राज्य असतं. करजगी कलबुर्गी जिल्ह्यातल्या अफझलपूर तालुक्यात येतं. शेजारी सोलापूर जिल्ह्याचा अक्कलकोट तालुका, अफझलपूर तालुक्यातच पुढे दत्ताचं गाणगापूर, आणि हवळग्याला साखर कारखाना. वर उजनीचं धरण झालं, खाली सोन्नचा बंधारा झाला, तशी तूर-ज्वारीच्या या पट्ट्यात उसाची रानं वाढली. घरात कानडी, बाजारात मराठी, किंवा याच्या उलट, अशी इथली रीत. ट्रॅक्टरच्या भाषेला मात्र सीमा नाही. हूक, पिन, टॉप लिंक, टर्नटेबल हे शब्द दोन्हीकडे तेच.

एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, आणि दोन्हींत मिळून वीस टनांच्या आसपास ऊस, हे इथलं रोजचं चित्र. एवढं सगळं ओढलं जातं ते दोन बोटं जाडीच्या एका लोखंडी पिनेवर. तरी ट्रॅक्टर घेताना चौकशी होते ती एचपीची, डिझेलची, हप्त्याची. ट्रॉली घेताना पत्रा किती गेजचा आणि टायर कुठल्या कंपनीचे हे विचारलं जातं. हूक कसा आणि किती उंचीवर, हा प्रश्न वर्कशॉपवाल्यावर सोडून दिलेला असतो, आणि तोही मागच्या गिऱ्हाइकाला जसा बसवला तसाच पुढच्याला बसवतो. माझ्या मते ओढकामातला सगळ्यात मोठा निर्णय हाच आहे, आणि तोच कुणी घेत नाही.

गाडीवानांना हे पूर्वीपासून ठाऊक होतं. बैलगाडीत माल भरताना ओझं आखाच्या किंचित पुढे ठेवायचं. मागे जास्त झालं की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. पुढे फार झालं तर मानेला जखमा होतात. भरलेल्या गाडीचं जू हाताने उचलून बघणारा म्हातारा हा त्या काळचा वजनकाटाच होता. लाकडी चाकं जाऊन डनलॉपची टायरगाडी आली, तिच्या जागी ट्रॉली आली, तरी हिशेब तोच राहिला. बैलाची मान गेली आणि ट्रॅक्टरचा हूक आला, इतकंच.

ट्रॉल्या मुख्यतः दोन जातींच्या. दोन चाकी ट्रॉलीचा आख मध्याच्या मागे असतो, त्यामुळे तिचं नाक हूकवर टेकतं आणि ओझ्याचा काही भाग ट्रॅक्टरच्या अंगावर येतो. चार चाकी ट्रॉली आपलं वजन स्वतः पेलते. तिच्या पुढच्या आखावर एक आडवी लोखंडी चकती असते, तिला टर्नटेबल म्हणतात; दांडा वळला की ती चकती फिरते आणि तिच्याबरोबर आखही. चार चाकी ट्रॉली ट्रॅक्टरला फक्त ओढायला लावते, दाबत नाही.

यातली कुठली चांगली? एक हिशेब करून बघू. ट्रॅक्टर २,००० किलोचा, त्यातले ८०० किलो पुढच्या चाकांवर आणि १,२०० मागच्या. दोन आखांत २ मीटर अंतर. हूक मागच्या आखाच्या ६० सेंटिमीटर मागे आणि जमिनीपासून ५० सेंटिमीटर वर. ट्रॉल्या भरून एकूण २० टन, आणि समोर शंभर मीटरला पाच मीटर उठणारा चढ. चढासाठी १,००० किलो ओढ लागते, आणि चाकं लोळवायला साधारण ५०० धरू. एकूण १,५०० किलो.

आता दोन चाकी ट्रॉलीचं नाक हूकवर १,५०० किलोने दाबत असेल, तर तरफेच्या नियमाने पुढच्या चाकांवरचे ४५० किलो तिथेच उचलले जातात. उरले ३५०. चढावरची ओढ हूकच्या उंचीमुळे आणखी ३७५ किलो उचलते. ३५० मधून ३७५ वजा होत नाहीत. पुढची चाकं हवेत जातात. ट्रॅक्टर उभा राहिला, असं जे लोक म्हणतात, ते हेच. स्टिअरिंग हातात असतं, पण त्याला अर्थ उरत नाही. हाच हूक दहा सेंटिमीटर खाली असता, तर ओढीने ३०० किलोच उचलले असते आणि चाकं जमिनीवर राहिली असती. पन्नास किलो का होईना, पण जमिनीवर.

मग चार चाकी ट्रॉली घ्यावी का? तिथे वेगळीच अडचण. नाकाचा दाब नाही, त्यामुळे मागच्या मोठ्या चाकांवर वजन कमी. चढावर ओढीमुळे सरकलेलं धरूनही ते १,५७५ किलोच भरतं. पक्क्या कोरड्या रस्त्यावर जेमतेम निभेल, पण शेतातून बाहेर पडताना, काळ्या मातीत, पहाटेच्या दवात, एवढ्या वजनावर १,५०० किलोची ओढ निघत नाही. चाकं जागीच फिरतात, खड्डा खणतात, आणि मग दुसरा ट्रॅक्टर बोलवावा लागतो. म्हणून ड्रायव्हरला नाकावर थोडा भार हवासा वाटतो. तो चुकत नाही. ओझं अंगावर घेतलं तर पकड मिळते आणि स्टिअरिंग जातं. अंगावर न घेतलं तर स्टिअरिंग राहतं आणि पकड जाते. हूक निवडणं म्हणजे या दोघांतलं किती सोडायचं हे ठरवणं.

आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसनने हे दुखणं पहिल्या महायुद्धाच्या काळातच पाहिलं होतं. त्या वेळचे ट्रॅक्टर नांगर दगडाला अडकला की मागे उलटत आणि ड्रायव्हर खाली सापडे. अवजार तीन ठिकाणी जोडायचं, आणि ओढ वाढली की पुढची चाकं उचलली न जाता खाली दाबली जातील अशी रचना करायची, ही त्याची कल्पना. १९३६ मध्ये ती फर्ग्युसन-ब्राउन ट्रॅक्टरवर आली, १९३९ मध्ये फोर्डच्या ९एन वर. १९६० मध्ये स्थापन झालेल्या चेन्नईच्या टॅफेने मॅसी फर्ग्युसनचे ट्रॅक्टर इथे बनवायला घेतले, आणि आज कुठल्याही कंपनीचा ट्रॅक्टर पाहिला तरी मागे त्याच तीन लिंका दिसतात. पण ती रचना नांगरासाठी आहे. ट्रॉलीला टॉप लिंकच्या, म्हणजे तिघींतल्या वरच्या लिंकेच्या, जागेवरून ओढणं म्हणजे फर्ग्युसनने जे टाळलं, तेच उलट करणं. ओढीची जागा खाली, ड्रॉबारवर म्हणजे हूकच्या पट्टीवर.

खरा उपाय कागदावर सोपा आहे: ओझं अंगावर घ्यायचं, पण मागच्या आखाच्या मागे नव्हे, त्याच्या बरोबर वर किंवा थोडं पुढे. ट्रॅक्टरवर त्या जागी ड्रायव्हरची सीट असते, म्हणून तिथे हे जमत नाही. ट्रकवर जमतं. ट्रकवरचं हे यंत्र म्हणजे पाचवं चाक.

त्याचं मूळ घोडागाडीत आहे. चार चाकी बग्गीच्या पुढच्या आखावर वळण्यासाठी आडवी चकती असे, तेच पाचवं चाक. म्हणजे करजगीच्या चार चाकी ट्रॉलीखाली आज जे टर्नटेबल फिरतं, ते त्याच घराण्यातलं. १९१४ मध्ये डेट्रॉइटमधल्या ऑगस्ट फ्रुहॉफ या लोहाराकडे फ्रेडरिक सिबली नावाचा लाकडाचा व्यापारी आला. त्याला आपली नाव तळ्यापर्यंत न्यायची होती आणि हाताशी फोर्डची मॉडेल टी मोटार होती. फ्रुहॉफने दोन चाकांचा सांगाडा केला आणि त्याचं पुढचं टोक मोटारीच्या मागच्या भागावरच टेकवलं. नाव पोचली, व्यापाऱ्याने लाकडासाठी तसेच आणखी सांगाडे मागवले, आणि १९१८ मध्ये फ्रुहॉफ ट्रेलर कंपनी उभी राहिली. आज सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर धावणारे लांब ट्रेलर याच कुळातले. ट्रकच्या पाठीवर ग्रीस लावलेली जाड चकती, तिच्या मधोमध खाच, ट्रेलरच्या पोटाखाली उलटा खुंटा म्हणजे किंगपिन, आणि खुंटा खाचेत शिरला की त्याला कवेत घेणारे जबडे.

ओढणं आणि पेलणं यांतला फरक आपल्या कायद्यालाही कळतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलर वेगळा आणि सेमी-ट्रेलर वेगळा. ज्याचा काही भाग ओढणाऱ्या वाहनावर चढवलेला आणि ज्याच्या वजनाचा काही भाग त्या वाहनाने पेललेला, तो सेमी-ट्रेलर. या व्याख्येतला पेलणं हा शब्द कायद्यातलं एक शहाणपण आहे. आमच्या वर्कशॉपांत असं शहाणपण क्वचितच भेटतं.

अमेरिकेत हेच पाचवं चाक पिकअपच्या हौद्यात येऊन बसलं. तिथे पिकअपमागे फिरतं घर बांधून महिना-महिना हिंडणारे लोक आहेत, आणि आता त्यांत मराठी घरंही दिसू लागली आहेत. त्यांच्यापुढचा प्रश्न करजगीच्या ड्रायव्हरसारखाच आहे. बंपरखाली गोळ्यावर जोडायचा साधा ट्रेलर आपल्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार हूकवर टाकतो, तोही मागच्या आखाच्या बऱ्याच मागे. वाऱ्याच्या झोताने तो डुलू लागला की गाडीची शेपूट हलवतो. पाचव्या चाकावरचा ट्रेलर १५ ते २५ टक्के भार टाकतो, पण आखाच्या वर. शेपूट हलत नाही. मात्र ५,५०० किलोच्या घराचा पाचवा हिस्सा म्हणजे १,१०० किलो, आणि हलक्या पिकअपची वाहून नेण्याची एकूण ताकद अनेकदा त्याहूनही कमी असते. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत छापतात ती ओढण्याची ताकद. वाहून नेण्याची असते दाराच्या चौकटीवरच्या चिकटपट्टीवर. शहाणा गिऱ्हाईक आधी ती वाचतो. हौदा आखूड असेल तर वळताना ट्रेलरचा कोपरा केबिनच्या काचेत घुसू नये म्हणून मागे सरकणारी जोडणी घ्यावी लागते. आणि चकती उंच असते, म्हणून ओढीची तरफही उंच. आखांत लांब अंतर असलेल्या गाडीला महामार्गावर ते सोसतं, ट्रॅक्टरला चढावर सोसणार नाही.

करजगीत पिकअप म्हणजे मिरची, कांदा आणि लग्नाचं वऱ्हाड नेणारी गाडी. तिच्या हौद्यात पाचवं चाक बसवायला कुणी निघालेलं नाही, आणि बसवूही नये. पण त्यामागचा हिशेब इथे फुकट वापरता येतो. नवी ट्रॉली घेताना तिचा आख किती मागे आहे ते टेपने मोजा. त्यावर नाकाचा भार ठरतो. दोन चाकी ट्रॉली असेल तर पुढच्या बंपरवर लोखंडी वजनं चढवा. पुढच्या आखाच्या पुढे लटकलेली २०० किलोची वजनं चाकांवर अडीचशे किलोहून जास्त भार टाकतात. हूकच्या पट्टीला उंचीची भोकं असतील तर खालचं निवडा.

दोन ट्रॉल्यांचा घोळ वेगळाच आहे. मागची ट्रॉली दोन चाकी असेल तर तिचं नाक पुढच्या ट्रॉलीच्या शेपटीवर टेकतं. पुढचीही दोन चाकी असेल तर तिची शेपूट दबते आणि नाक वर उचललं जातं. म्हणजे ट्रॅक्टरला पकड देणारा भार नेमका तिथेच नाहीसा होतो, आणि कधी हूकच वर ओढला जातो. जुन्या माणसाने एका शब्दात सांगितलं असतं: उलाळ. अशी जोडी मी तरी रस्त्यावर सोडणार नाही. मागची ट्रॉली चार चाकीच हवी. आणि बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेक नसतात, म्हणून उतारावर दोन्ही मिळून ट्रॅक्टरला ढकलतात, हे पुढच्या हूकची रिंग निवडताना लक्षात असू द्या. ती ओढीबरोबर ढकलणंही सोसणारी हवी.

राहिली पिन. मोठ्या ट्रेलरच्या किंगपिनला ठरलेलं माप आहे: नवी ५०.८ मिलिमीटर, आणि झिजून ४९ झाली की ती काढून टाकायची. दोन मिलिमीटरसुद्धा झीज चालत नाही. उसाच्या ट्रॉलीची पिन मधोमध चंद्रकोरीसारखी खचेपर्यंत वापरतात, आणि वरून लॉकच्या जागी तार गुंडाळतात. दरवर्षी खंडेनवमीला ट्रॅक्टर धुऊन त्याला हार घातला जातो. गळीत त्यानंतर लवकरच सुरू होतं. त्या दिवशी पिन बाहेर काढा, कॅलिपरने मोजा, खचली असेल तर भट्टीवाल्याकडे टाकून नवी घ्या, लॉक बसवा आणि पिनेशिवाय एक जाड साखळीही जोडा. मागच्या ट्रॉलीवर रिफ्लेक्टर लावायचे राहिले असतील तर तेही त्याच दिवशी उरकून घ्या.